पारखदाराची नजर आणि अबकारीचा तराजू : एकोणिसाव्या शतकातील गांजाच्या मशागतीचा इतिहास

प्रस्तावना

गेल्या काही वर्षांत पाश्चात्त्य जगातील अनेक देशांनी गांजाच्या घरगुती लागवडीस मर्यादित मुभा दिली आहे. उरुग्वेने २०१३ च्या कायद्यान्वये घरटी सहा झाडे लावण्यास परवानगी दिली. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडे लावता येतात, तर जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीस तीन झाडांची मुभा मिळाली. या मुभेबरोबर तेथे लागवडीच्या मार्गदर्शनपर पुस्तकांचाही सुकाळ झाला. शेंडा केव्हा खुडावा, खालच्या फांद्या का छाटाव्यात, नर रोपे कशी ओळखावीत, फुलोरा कसा वाळवावा व मुरवावा, बुरशीपासून तो कसा राखावा, याची तपशीलवार चर्चा त्यांत आढळते. बिनबियांच्या गांजाला तेथे 'सिन्सेमिया' असे स्पॅनिश नाव आहे. हे तंत्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर घडल्याचा समज या लेखनातून सामान्यपणे होतो.

भारतीय कृषी-इतिहासाच्या अभ्यासकाला हा समज खटकल्यावाचून राहत नाही. बंगालचे डेप्युटी कलेक्टर हेमचंद्र केर यांनी १८७७ मध्ये गांजाच्या लागवडीवर व व्यापारावर सादर केलेला अहवाल चाळला, तर वरीलपैकी बहुतेक क्रिया तेथे नोंदलेल्या दिसतात. त्यानंतर सोळा वर्षांनी, १८९३ मध्ये, शिबपूर येथील वनस्पती उद्यानातील वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन यांनी त्याच प्रदेशाचा अभ्यास करून दुसरा अहवाल लिहिला. लगोलग भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाने याच विषयाला अनेक खंड वाहिले. एखाद्या पिकाविषयीचे शेतकऱ्यांचे ज्ञान वसाहतकाळात इतक्या बारकाईने टिपले गेल्याची उदाहरणे फारशी नाहीत.

हे ज्ञान टिपले का गेले, आणि टिपताना त्यातील काय गळले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. गांजाची मशागत कागदावर आली ती शेतीशास्त्राच्या जिज्ञासेपोटी नव्हे. ती अबकारीच्या तराजूमुळे आली. त्यामुळे तराजूला ज्या गोष्टीचा उपयोग होता तेवढीच तिने ठळकपणे पाहिली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

महसुलापूर्वीची साधने

अबकारी खात्यापूर्वीची साधने गांजाच्या सेवनाविषयी बोलतात. मशागतीविषयी ती जवळजवळ मूक आहेत. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा १५६३ मध्ये गोव्यात छापलेला संवादरूप ग्रंथ भांगेवर एक संपूर्ण संवाद खर्ची घालतो. तथापि त्याचा भर भांग कोण घेतो व घेतल्यावर काय होते यावरच आहे. कलकत्ता मेडिकल कॉलेजचे विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये गांजाच्या औषधी उपयोगावर लिहिलेल्या निबंधाने युरोपीय वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले. पण त्यांच्यापुढे गांजा आला तो तयार मालाच्या रूपात. तो कोणाच्या शेतात, कसा वाढला, हे जाणण्याची गरज वैद्याला पडत नव्हती.

ती गरज पडली महसूल खात्याला. १७९३ च्या रेग्युलेशनने बंगालमध्ये मादक पदार्थांच्या उत्पादनास व विक्रीस परवाना आवश्यक ठरवला. पुढे वजनावर कर बसू लागला, तेव्हा माल कोठे तयार होतो, कधी तयार होतो आणि वाळताना त्याचे वजन किती घटते, हे सरकारला कळणे भाग झाले. केर यांचा अहवाल या निकडीतून जन्मला.

पारखदार

राजशाही, दिनाजपूर व बोगरा या तीन जिल्ह्यांच्या सीमा जेथे मिळतात तो, नौगावभोवतीचा टापू 'गांजा महाल' म्हणून ओळखला जाई. तेथील लागवडीचा क्रम असा होता. पाणी न साचणाऱ्या उंच, भुसभुशीत जागी वाफे करून ऑगस्टच्या सुमारास बी पेरीत. पाऊस ओसरू लागला की सप्टेंबरात रोपे मुख्य शेतात वरंब्यांवर, ओळीने लावीत. शेणखत आणि पेंड देत, मातीची भर घालीत, आणि झाडे वाढू लागली की खालच्या फांद्या छाटून टाकीत. या छाटणीने झाडाचा जोर वरच्या फुलोऱ्याकडे वळतो. आपल्याकडील तंबाखूचा शेतकरी शेंडा खुडतो तेव्हा त्याचा हिशेब निराळा असतो, कारण त्याला पान पोसायचे असते. तरी झाडाची वाढ हवी तिकडे वळवण्याचे मूळ तत्त्व दोन्हीकडे सारखेच.

यानंतरची पायरी या पिकाचा प्राण होती. गांजाची नर व मादी झाडे वेगळी असतात आणि परागसिंचन वाऱ्याने होते. मादी फुलांना पराग मिळाला की झाड बी धरते आणि त्याची शक्ती बियांत जाते. पराग न मिळाल्यास फुलोरा वाढत राहतो आणि त्यावरील सूक्ष्म ग्रंथींतून चिकट राळ मोठ्या प्रमाणावर स्रवते. पपईच्या बागेत नर झाडे काढताना आपला शेतकरी मोजकी नर झाडे मुद्दाम राखतो, कारण त्याला फळ हवे असते. गांजाच्या शेतात नेमके उलट: एकही नर उरता कामा नये.

ही निवड नर फुले उमलण्यापूर्वी व्हावी लागे. उमलल्यावर ती करून उपयोग नव्हता. कळीच्या ठेवणीवरून आणि रोपाच्या एकंदर रूपावरून नर ओळखणे हे सर्वसामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यातले काम नव्हते. त्यासाठी मोबदला देऊन एक जाणकार बोलावला जाई. त्याला 'पोद्दार' किंवा 'पारखदार' म्हणत. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला 'गांजा डॉक्टर' म्हटले. पोद्दार हा शब्द मराठी वाचकाला परका वाटू नये. मराठेशाहीत नाण्यांची पारख करणारा तो पोतदार, त्याच कुळातला हा शब्द आहे. खरे-खोटे नाणे ओळखणाऱ्याचे नाव नर-मादी रोप ओळखणाऱ्यास मिळावे, यात त्या समाजाने त्याच्या कौशल्याची केलेली कदर दिसते. (याउलट युरोपातील तागाच्या जातीच्या या पिकाचे जुने इंग्रज शेतकरी नर झाडालाच 'मादी' अशा अर्थाच्या नावाने ओळखत, ते झाड नाजूक दिसते एवढ्यावरून.)

पारखदार ओळींमधून फिरत नर झाडे मोडीत जाई. एक फेरी पुरेशी नसे. काही मादी झाडांवरही क्वचित नर फुले येतात, आणि वारा बांध जाणत नाही. एका शेतातील हयगय शेजारच्या चार शेतांना भोवते. त्यामुळे पारखदाराचे काम एका शेतापुरते दिसले तरी परिणामाने साऱ्या टापूचे होते. लागवड एकाच सलग भागात एकवटलेली असणे जसे अबकारीच्या देखरेखीला सोयीचे होते, तसे ते पिकालाही मानवत असले पाहिजे. या दुसऱ्या बाजूकडे अहवालांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही.

प्रेन यांनी केलेल्या गांजाच्या व्याख्येतच पारखदार गृहीत आहे. त्यांच्या मते गांजा म्हणजे लागवडीखालील मादी झाडांचा वाळवलेला फुलोरा, जो बी धरण्याची संधी नाकारली गेल्यामुळे राळेने माखला आहे. म्हणजे निसर्गात गांजाचे झाड असते. 'गांजा' हा पदार्थ मात्र मानवी हस्तक्षेपाशिवाय सिद्ध होत नाही. इतके महत्त्व ज्याच्या कामाला, त्या पारखदाराला अहवालांत पदनाम आहे, व्यक्ती म्हणून स्थान नाही. ही विद्या त्याने कोणाकडून घेतली, किती वर्षांत घेतली, हे प्रश्न महसुलाच्या दृष्टीने गैरलागू होते.

तुडवणे, मुरवणे आणि घट

फेब्रुवारीच्या मध्याकडे पीक तयार होई. येथपासून पुढचे वर्णन अहवालांत एकदम दाट होते, आणि ते स्वाभाविक आहे. उभे पीक हा अंदाज. कापलेले पीक हे वजन.

कापलेली झाडे 'चातोर' नावाच्या खळ्यावर आणून उन्हात पसरत आणि रात्री उघड्यावर दवात ठेवीत. दवाने पाने व फुलोरा लवचीक होई. दुसऱ्या दिवशी निवडलेल्या फांद्यांचे तुकडे चटईवर रचून त्यांवर माणसे एकमेकांच्या आधाराने अनवाणी चालत. राळेमुळे फुलोरा दाबला जाऊन चिकटे आणि चपट्या जुड्या होत. यास 'चपटा' गांजा म्हणत. दाबलेल्या जुड्यांचे ढीग झाकून ठेवीत, पुन्हा उलगडीत, झटकून पाने व चुकार बिया पाडीत आणि पुन्हा दाबीत. 'गोल' गांजासाठी आडव्या बांधलेल्या बांबूला धरून कामकरी बारीक डहाळ्या पायाखाली घोळवीत. त्यात लाकडाचा अंश कमी राही. या सर्व क्रियांत फुलोऱ्याचे जे तुकडे सुटत ते 'चूर'. त्यात काडी जवळजवळ नसेच.

ढिगात दाबणे व उलगडणे यांच्या या आवर्तनाचा हेतू आकार देण्यापुरता नव्हता. दमट फुलोरा ढिगात किंचित तापतो, हिरवेपणा उतरतो, उग्र वास निवतो. तंबाखू मुरवण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको. मात्र तेथेच धोकाही होता. ढीग वेळेवर उलगडला नाही तर तो आतून कुजे आणि बुरशी धरे. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आला तर खळ्यावरचा मालच वाया जाई. किती दव पुरेसे आणि किती जास्त, ढीग हाताला किती उबदार लागला म्हणजे उघडावा, हे स्पर्शाचे व वासाचे ज्ञान होते. आज आर्द्रतामापक लावून काचेच्या बरणीत जे साधले जाते, ते येथे तळपायाने व तळहाताने साधले जात होते.

अबकारीने यातून काय उचलले? तिने चपटा, गोल व चूर असे तीन वर्ग उचलले आणि त्यांवर करांचे चढते दर लावले. तर्क सरळ होता. काडीचे वजन ग्राहकाच्या चिलमीत कामास येत नाही. म्हणून ज्या मालात काडी कमी त्यावर कर अधिक. परवानाधारक शेतकऱ्याच्या पिकाचा शेतातच अंदाज घेत, तयार माल तोलत आणि नौगावच्या सार्वजनिक गोदामांत, म्हणजे 'गोलां'त, जमा करवीत. तेथेही वजन स्थिर राहत नसे. माल आणखी वाळे, चुरा होई, आणि घट किती मान्य करावयाची हा प्रश्न अधिकाऱ्यांना पुन्हा पुन्हा सतावी.

जुना गांजा निःसत्त्व होतो हे व्यापाऱ्यांना पक्के ठाऊक होते. त्यामागील रसायन उलगडावयास मात्र बराच काळ लागला. केंब्रिजच्या वुड, स्पायव्ही व ईस्टरफील्ड यांनी १८९६ मध्ये चरसातून एक तेलकट द्रव्य वेगळे करून त्यास 'कॅनाबिनॉल' असे नाव दिले. नशेस मुख्यत्वे कारण असलेले टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल हे द्रव्य शुद्ध रूपात वेगळे करून त्याची रचना गाओनी व मेकूलम यांनी इस्राएलमध्ये मांडली ती १९६४ मध्ये. हवा व प्रकाश यांच्या संपर्काने त्याचे कॅनाबिनॉलमध्ये रूपांतर होते. म्हणजे केंब्रिजच्या रसायनज्ञांनी ज्याला नाव दिले ते बऱ्याच अंशी मालाच्या म्हातारपणाचे लक्षण होते. नौगावचा गोदामवाला त्या लक्षणाचा अर्थ वासावरून सांगू शकला असता.

आयोग आणि परसातील झाडे

ब्रिटिश पार्लमेंटचे सदस्य व मद्यपानविरोधी चळवळीचे कार्यकर्ते विल्यम स्प्रॉस्टन केन यांनी मार्च १८९३ मध्ये कॉमन्स सभेत बंगालमधील गांजाच्या लागवडीविषयी प्रश्न उपस्थित केला. त्यातून जुलै १८९३ मध्ये आयोग नेमला गेला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष होते. सात सदस्यांपैकी तिघे भारतीय होते: ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, कुंवर हरनामसिंग अहलुवालिया आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद. आयोगाने ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवून ऑगस्ट १८९४ मध्ये अहवाल पूर्ण केला. बेताच्या सेवनाचे दुष्परिणाम नगण्य असून संपूर्ण बंदी अनावश्यक आहे, हा त्याचा निष्कर्ष सर्वत्र उद्धृत होतो. त्याच्या उपायांकडे तुलनेने कमी लक्ष जाते. पुरेसा कर, परवान्यावाचून लागवडीस मनाई, लागवडीचे मोजक्या क्षेत्रात केंद्रीकरण, दुकानांच्या संख्येवर व जवळ बाळगण्याच्या प्रमाणावर मर्यादा असे ते उपाय होते.

केंद्रीकरणाच्या या शिफारशीने घरगुती लागवडीचा प्रश्न पुढे आणला. आसामात घराभोवती व गोठ्याजवळ ही झाडे सहज उगवत; ओरिसा व छत्तीसगडकडील संस्थानी मुलखात परसात दोन-चार झाडे लावण्याची चाल होती. आपोआप उगवणाऱ्या झाडांचा समूळ नाश अशक्यप्राय असल्याचे आयोगाने ओळखले होते. परसातील झाडांबाबत त्याची भूमिका इतकी सैल नव्हती, कारण त्यांच्यावर कर बसवणे शक्य नव्हते. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. परसातील झाडांना पारखदार लाभत नसे. नर तेथेच उभे राहत, मादी बी धरी आणि प्रेन यांच्या व्याख्येत बसेल असा माल त्यातून फारसा निपजत नसे. तरीही कायद्याच्या दृष्टीने शेतातले झाड वैध आणि परसातले अवैध ठरू लागले. झाडाच्या गुणापेक्षा त्याची दृश्यता निर्णायक ठरली.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा संबंध दुहेरी आहे. मुंबई इलाख्यात गांजाची लागवड अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात विशेष होती; मध्य प्रांतात ती निमाड जिल्ह्यात, खांडव्याच्या आसपास, एकवटली होती. नर रोपे काढण्याची व फुलोरा खळ्यावर पायांनी तुडवून दाबण्याची रीत इकडेही होती. आयोगाच्या एका खंडात मुंबई व वऱ्हाडातील साक्षी एकत्र वाचावयास मिळतात. तथापि मुंबई इलाख्यातील मशागतीचे वर्णन बंगालच्या मानाने त्रोटक आहे. बंगालमध्ये परवाना व तोल शेतापर्यंत पोहोचले होते, मुंबईत लागवडीवरील देखरेख बरीच सैल होती. जेथे तराजू उशिरा गेला तेथे लेखणीही उशिरा गेली. नगर जिल्ह्यातील नर वेचणाऱ्याला स्थानिक बोलीत काय म्हणत, हे या भागातील ज्येष्ठ शेतकरी कुटुंबांच्या स्मृतीतून शोधण्याचे काम आपल्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी हाती घ्यावे असे वाटते.

व्याख्येतून गळलेला माणूस

नौगावच्या शेतकऱ्यांनी १९१७ मध्ये सहकारी संस्था स्थापन केली. तिच्या उत्पन्नातून शाळा, दवाखाने व रस्ते उभे राहिले. फाळणीनंतर हा भाग पूर्व पाकिस्तानात व पुढे बांगलादेशात गेला आणि १९८७ मध्ये तेथील लागवड बंद झाली. मादक पदार्थांविषयीच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजाचे वैद्यकेतर सेवन पंचवीस वर्षांत संपवण्याची मुदत होती. त्या रेट्यातच भारतात १९८५ चा अमली पदार्थविषयक कायदा झाला. त्यानुसार विनापरवाना लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला त्या कराराच्या सर्वांत कठोर अनुसूचीतून वगळले. भारताने वगळण्याच्या बाजूने मत दिले, परंतु लागवडीविषयीची शिक्षा बदलली नाही.

या कायद्यातील व्याख्या प्रेन यांच्या व्याख्येशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. कायद्यानुसार गांजा म्हणजे झाडाचा फुललेला वा फळलेला शेंडा. शेंड्यासोबत नसतील तर बिया व पाने त्यातून वगळली आहेत. फुललेला वा फळलेला, दोन्ही चालते. बी धरू न देण्याची अट नाही, मादी झाडाची अट नाही, राळेचाही उल्लेख नाही. १८९३ मध्ये ज्या कौशल्यावाचून पदार्थाची व्याख्या करता येत नव्हती, ते कौशल्य १९८५ च्या व्याख्येला लागत नाही.

तराजू मात्र गेलेला नाही. या कायद्याखाली एक किलोपर्यंतचा गांजा अल्प प्रमाणात आणि वीस किलोंपेक्षा अधिक गांजा व्यापारी प्रमाणात मोडतो, आणि शिक्षा व जामीन त्यावर अवलंबून असतात. पोलीस अनेकदा मुळापासून उपटलेली ओली झाडे जशीच्या तशी तोलतात. त्यामुळे देठ, पाने व माती वजा जाता शेंड्यांचे वजन नेमके किती भरते, हा प्रश्न निरनिराळ्या उच्च न्यायालयांपुढे वारंवार आला आहे. चपटा, गोल व चूर यांचे दर ठरवताना नौगावच्या गोदामातील कारकुनापुढे हाच प्रश्न होता.